जुन्या चेन ट्रॅक्टरचं पेट्रोल इंजिन मिस मारतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शेतजमीन किंवा फळबाग घेणाऱ्याला कधी कधी जमिनीबरोबर शेडमध्ये उभा असलेला जुना चेनचा ट्रॅक्टरही मिळतो. बॅटरी बदलली, ताजं पेट्रोल भरलं की तो सुरूही होतो. पण फटफटतो, गचके खातो, लोड आला की बंद पडतो. अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो तिकडे जाऊ नये, एवढ्यासाठी हे पान लिहिलं आहे. आधी ठिणगी, मग पेट्रोलची धार, आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. हा क्रम पाळला तर या यंत्रांचे बहुतेक दोष साध्या पान्यांनी आणि थोड्या धीरानं सापडतात.

हे पान कोणत्या ट्रॅक्टरांना लागू पडतं?

मुख्यतः क्लेट्रॅक एचजी आणि त्याच्या मागून १९५१ मध्ये आलेला ऑलिव्हर ओसी-३. क्लेट्रॅक म्हणजे ओहायोतल्या क्लीव्हलंड शहरातली क्लीव्हलंड ट्रॅक्टर कंपनी. रोलिन व्हाइट यांनी १९१६ मध्ये ती सुरू केली आणि १९४४ मध्ये ऑलिव्हरने ती घेतली. दोन्ही ट्रॅक्टरांत ओहायोतल्याच कँटनचं हर्क्युलिस इंजिन आहे. चार सिलेंडर, आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत तर ब्लॉकमध्ये, सिलेंडरच्या शेजारी. सुरुवातीच्या एचजीत ११३ घन इंचांचं, नंतरच्यांत १३३ घन इंचांचं, म्हणजे साधारण २.२ लिटरचं. व्हॉल्व्ह कुठे आहेत हे लक्षात ठेवा, पुढे कॉम्प्रेशनच्या वेळी त्याचं काम पडेल.

जॉन डिअरच्या दोन सिलेंडरच्या क्रॉलरसाठी, म्हणजे चेनच्या ट्रॅक्टरसाठी, खाली वेगळा प्रश्न आहे. बाकी कोणताही पेट्रोलवरचा जुना क्रॉलर असला तरी तपासाचा क्रम हाच.

इंजिन मिस मारतंय की आणखी काही होतंय, हे कसं ओळखायचं?

पान्याला हात लावण्याआधी पाच मिनिटं नुसतं ऐका. तीन वेगवेगळ्या तक्रारींना लोक एकच नाव देतात.

एक, ठरावीक अंतरानं एक ठोका गळतो, आवाज लंगडा येतो, पण इंजिन चालत राहतं. ही एखाद्या सिलेंडरची तक्रार आहे: प्लग, प्लगची वायर, डिस्ट्रिब्युटरची (एकेका प्लगला करंट वाटणाऱ्या भागाची) टोपी किंवा व्हॉल्व्ह.

दोन, ठोके कसेही, कुठेही गळतात, कधी एक, कधी तीन. हा दोष सगळ्या सिलेंडरांना सामाईक असलेल्या जागी असतो. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली करंट जोडणारी-तोडणारी दोन तोंडं), कंडेन्सर (ती तोंडं जळू न देणारा छोटा भाग), कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), ढिली वायर किंवा तुटक येणारं पेट्रोल.

तीन, इंजिन एका लयीत वर-खाली होतं, आपोआप रेस होतं, उतरतं, पुन्हा रेस होतं. यात बहुधा ठिणगीचा संबंध नसतो. गव्हर्नर इंजिनचा वेग सांभाळायला धडपडत असतो. मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) असेल किंवा गव्हर्नरपासून थ्रॉटलपर्यंतचा दांडा अडकत असेल तर असं होतं. दांड्याचे सांधे साफ करून हाताने हलवून पाहा. कुठेही न अडकता तो मोकळा फिरला पाहिजे.

तपास कुठून सुरू करायचा?

इंजिन थांबवून, सपाट जागी, ब्रेक लावून. पुढे ब्लेड असेल तर ते जमिनीला टेकवा. मग खालच्या पत्र्याकडे बघा. क्रॉलरच्या इंजिनाखाली दगडधोंड्यांपासून बचावासाठी पत्रा असतो आणि त्यात वर्षानुवर्षांची सुकी पानं, तेल आणि माती साचलेली असते. वरून पेट्रोल ठिबकलं आणि तुम्ही ठिणगी तपासायला गेलात तर आग लागायला आणखी काही लागत नाही. तो पत्रा उतरवून रिकामा करणं हे पहिलं काम, आणि यात सूट नाही. आग विझवायचा सिलेंडर हाताशी ठेवा.

नंतर फुकटात होणाऱ्या गोष्टी. बॅटरीची टोकं खरवडून घट्ट करा. अर्थची वायर चेसिसला जिथे बोल्टने बसते तिथला रंग आणि गंज घासा. एअर क्लीनर तेलाचा आहे, त्याची वाटी काढून पाहा. त्यात उंदराचं घरटं, काळा चिखल किंवा पाणी, काहीही निघू शकतं. कोंदलेल्या क्लीनरमुळे इंजिन कायम अर्धा चोक ओढल्यासारखं चालतं आणि काळा धूर टाकतं. चोकची पाकळी दांड्यावर घट्ट आहे ना आणि पूर्ण उघडते ना, हे डोळ्यांनी बघा, केबलच्या मुठीवर विश्वास ठेवू नका.

हँडल मारून सुरू करायचा असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीभोवती गुंडाळू नका. आणि हँडल नेहमी खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. इंजिन उलट फिरलं तर अंगठा आणि मनगट वाचतं ते यामुळेच.

ठिणगी चांगली आहे हे कसं कळणार?

प्लग काढून ब्लॉकला टेकवून बघायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण ती फसवी आहे. प्लगची फट जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर, आणि मोकळ्या हवेत ती फट ओलांडायला दुबळी ठिणगीही पुरते. सिलेंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात तीच ठिणगी विझते. म्हणून फट वाढवता येणारा स्पार्क टेस्टर घ्या आणि अंतर सहा मिलिमीटर ठेवा. निळी, जाड, ‘टक्’ असा स्पष्ट आवाज करणारी ठिणगी पडली तर इग्निशनची बाजू ठीक आहे. पिवळसर-केशरी, केसासारखी बारीक किंवा मधूनच गायब होणारी पडली, तर कार्ब्युरेटरला हात लावायचं कारण उरत नाही. हे करताना प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. टेस्टर त्यापासून लांब धरा.

अंधार पडल्यावर इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि वायरींकडेही एकदा नजर टाका. जिथून करंट गळतो तिथे निळसर रेघा दिसतात. टोपीच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर टोपी फुटलेली आहे, ती पुसून जात नाही. टोपी बदला.

पॉइंट कसे साफ करायचे आणि फट किती ठेवायची?

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या ट्रॅक्टरात हा सगळ्यात जास्त आढळणारा दोष. टोपी काढा, रोटर उचला. पॉइंटची दोन तोंडं मिटलेली दिसतील, वरवर स्वच्छही वाटतील. पण त्यांच्यामध्ये ऑक्साइडचा एक धुरकट थर बसलेला असतो, त्यातून ६ व्होल्टचा करंट जेमतेम जातो किंवा जातच नाही. बोटानं तोंडं उघडून टॉर्चच्या उजेडात बघा. चांगली तोंडं फिकट करडी आणि सपाट असतात. एका तोंडावर बारीक उंचवटा आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा दिसला, तर कंडेन्सर बरोबर काम करत नाही आहे.

थर काढायला पॉइंटची पातळ कानस वापरा. पॉलिश पेपरचे कण तोंडात रुतून राहतात आणि तीच जागा पुन्हा जळते. कानस फिरवल्यावर कोऱ्या कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवून तोंडांमधून ओढा. ती काळी येईल. पट्टी स्वच्छ येईपर्यंत ओढत राहा.

फट बहुतेक जुन्या चार सिलेंडरच्या इंजिनांत ०.०२० इंचाच्या आसपास असते, म्हणजे अर्धा मिलिमीटर. नेमका आकडा तुमच्या डिस्ट्रिब्युटरच्या मॅन्युअलमधून घ्या. कॅमच्या टोकावर पॉइंट पूर्ण उघडे असतानाच फिलर गेज घाला. पाती किंचित ओढ लागून सरकली पाहिजे. मग डिस्ट्रिब्युटरचा दांडा बोटांनी बाजूला ढकलून पाहा. तो स्पष्ट हलत असेल तर बुश झिजले आहेत. अशा वेळी तुम्ही कितीही नीट फट लावा, इंजिन फिरताना ती प्रत्येक ठोक्याला बदलते. सगळं नवीन घालूनही मिस न जाणाऱ्या इंजिनांमध्ये हा दोष वारंवार निघतो.

शेवटी कॅमवर उष्णतेत न वितळणाऱ्या ग्रीसचा मुगाएवढा ठिपका द्या. तो दिला नाही तर पॉइंटचा फायबरचा ठोकळा लवकर झिजतो आणि फट मिटते.

थंड असताना छान चालतं, वीस-पंचवीस मिनिटांनी मिस मारून बंद पडतं. असं का?

या प्रश्नाला एक उत्तर नाही, चार आहेत. ते बंद पडतं त्याच क्षणी तपासलं तरच कोणतं ते कळतं. थंड झाल्यावर सगळं पुन्हा ठीक दिसतं आणि हाती काही लागत नाही. म्हणून स्पार्क टेस्टर, पाना आणि एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊनच कामाला बसा.

बंद पडलं की लगेच ठिणगी बघा. ठिणगी नाही किंवा दुबळी आहे, तर कॉइल किंवा कंडेन्सर. कॉइलच्या आतली बारीक तार तापून फुगते आणि कुठेतरी तुटलेलं टोक सुटतं. गार झाल्यावर ते पुन्हा टेकतं. कंडेन्सर आधी बदला, तो स्वस्त आहे. पण जुना टाकून देऊ नका. आता बाजारात येणाऱ्या नव्या कंडेन्सरांचा दर्जा सारखा नसतो आणि कधी कधी सत्तर वर्षांचा जुनाच जास्त भरवशाचा निघतो.

ठिणगी उत्तम आहे, तर टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ असा हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि इंजिन लगेच सुरू झालं, तर दोष झाकणाच्या भोकात आहे. पेट्रोल जितकं खाली जाईल तितकी हवा आत यायला हवी. भोक मातीनं बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि धार आटते. बारीक तारेनं भोक मोकळं करा.

झाकणानं फरक पडला नाही, तर इंजिन गार होईपर्यंत थांबा आणि मग कार्ब्युरेटरच्या तळाचा बोल्ट काढून धार डब्यात घ्या. आधी भरभर येऊन मग ठिबकत असेल तर कचरा. इंजिन तापलेलं असताना त्रास होतो आणि गार झाल्यावर धार पूर्ण भरते, असं असेल तर पेट्रोल नळीतच उकळतं आहे. आजचं पेट्रोल त्या काळच्या पेट्रोलपेक्षा लवकर वाफ होतं, आणि नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जवळून जात असेल तर वाफेचा फुगा धार अडवतो. नळी लांबून वळवून घ्या, मध्ये पत्र्याची आड द्या.

चौथं उत्तर दुर्मीळ आहे पण लक्षात ठेवा: तापल्यावर एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकणं. तेव्हा एकच सिलेंडर मरतो आणि इंजिन लंगडत चालत राहतं.

पेट्रोल पुरेसं येतंय याची खात्री कशी करायची?

जिथे पंप नाही, पेट्रोल टाकीतून नुसतं उताराने खाली येतं, तिथे ही चाचणी अगदी सोपी. इंजिन पूर्ण थंड, बॅटरी सोडलेली. कार्ब्युरेटरच्या तळाचा बोल्ट काढा, डबा धरा, कॉक उघडा. वाटीतलं पेट्रोल आधी भसकन येईल, ते मोजू नका. त्यानंतर दोन-तीन मिनिटं पेन्सिलीच्या जाडीची धार अखंड आली पाहिजे. धार बारीक होत गेली तर मागे मागे जा: कार्ब्युरेटरला नळी जिथे जोडते त्या कोपऱ्यातली पितळी जाळी, काचेची गाळणवाटी, तिच्या वरची जाळी, आणि टाकीतल्या नळीचं तोंड. कोपऱ्यातली ती छोटी जाळी हमखास विसरली जाते. खूप जणांना तर ती तिथे आहे हेच माहीत नसतं.

डब्यातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून पंधरा मिनिटं ठेवा. तळाशी पाण्याचे मणी जमले किंवा तांबूस पूड बसली तर टाकी आतून गंजली आहे. मध्ये कागदी फिल्टर घालून हा प्रश्न सुटत नाही. उलट, पंपाशिवायच्या टाकीत जेमतेम दाब असतो आणि दाट कागदी फिल्टर तोही खातो. टाकी उतरवून धुवा.

कार्ब्युरेटर उघडायचाच झाला तर काय बघायचं?

ठिणगी निळी आहे, धार अखंड आहे, तरी मिस आहे. आता उघडा. बेंचवर, मोकळ्या हवेत, जवळ हीटर किंवा गिझरची ज्योत नको.

जुळवणीचा प्रत्येक स्क्रू सोडण्याआधी तो आत किती फेरे फिरतो ते मोजून लिहून ठेवा. पितळी सुया हलकेच टेकवा, आवळू नका. आवळलेल्या सुईच्या टोकावर एक वळं पडतं आणि मग ती कधीच नीट जुळत नाही. जेटमध्ये स्टीलची तार घालू नका. मेन जेट काढून उजेडासमोर धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. त्यात अर्धचंद्र दिसत असेल तर तो वाळलेल्या पेट्रोलचा डिंक आहे. आडव्या वाटा बाहेरून दिसत नाहीत, त्यांत स्प्रे मारून दुसऱ्या टोकाला तो येतो का ते पाहा. आयडलची बारीक वाट इथेच बुजलेली असते, आणि मग ट्रॅक्टर रेसवर चालतो पण खाली टिकत नाही.

फ्लोट हलवून आत पेट्रोल खुळखुळतंय का बघा. जुना बुचाचा फ्लोट असेल तर त्याच्यावर लाखेचा थर असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. थर गेला की बूच पेट्रोल पितं, जड होतं आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. तिथे पितळी किंवा आजच्या पेट्रोलला टिकणारा फ्लोट घाला.

थ्रॉटलचा दांडा दोन बाजूंना हलत असेल तर तिथून हवा खेचली जाते. मॅनिफोल्डच्या गॅस्केटचंही तेच. जोडणी झाल्यावर मेन सुई साधारण दीड ते दोन फेरे उघडी ठेवून इंजिन सुरू करा, ते पूर्ण तापू द्या, आणि बारीक जुळवणी प्रत्यक्ष लोडखाली करा. उभ्या ट्रॅक्टरावर छान वाटणारी जुळवणी नांगर लागल्यावर लीन ठरते.

चढावर किंवा आडव्या उतारावरच मिस मारतं. दोष कुठे?

हा खास क्रॉलरचा प्रश्न, कारण चाकांचा ट्रॅक्टर जिथे जाणार नाही तिथे हा जातो. ट्रॅक्टर कलला की फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोलही एका बाजूला जातं. पातळी आधीच कमी लावलेली असेल तर मेन जेट उघडा पडून इंजिन दम तोडतं, जास्त असेल तर पेट्रोल ओसंडतं आणि काळा धूर येतो. म्हणून फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजपट्टीनं लावा, अंदाजानं नाही. टाकी अर्धी असेल तर तीव्र चढावर टाकीतलं पेट्रोलही नळीच्या तोंडापासून दूर जातं. टाकी भरून तोच चढ पुन्हा चढून पाहा. तक्रार गेली तर यंत्रात दोष नाही.

याच वेळी तेलाच्या दाबाच्या काट्याकडे नजर ठेवा. चढावर काटा पडत असेल तर आधी खाली या. मिस मारणारं इंजिन दुरुस्त होतं, विनातेलाचं होत नाही.

रिकामा ठीक चालतो, काम लावलं की गचके खातो. काय करावं?

लोड आला की सिलेंडरमध्ये दाब वाढतो आणि दुबळी ठिणगी तिथेच उघडी पडते. म्हणून पुन्हा प्लग, कॉइल, कंडेन्सर आणि टायमिंग. ठिणगी उशिरा पडत असेल तर इंजिन ताकद सोडतं आणि मॅनिफोल्ड लालसर तापतो. ठिणगीची वेळ आपोआप पुढे-मागे करणारी वजनं डिस्ट्रिब्युटरमध्ये असतील तर त्यांची स्प्रिंग गंजलेली नाही ना, तेही पाहा.

पण आधी एक खात्री करून घ्या की लोड खरंच नांगराचा आहे. चेन जरुरीपेक्षा ताणलेली असेल, रोलर जाम असतील किंवा ब्रेकचे पट्टे सुटत नसतील तर निम्मी ताकद ट्रॅक्टर स्वतःलाच ओढण्यात घालवतो. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वच्छ चालतं आणि नुसतं सपाट जमिनीवर चालताना दमतं, असं असेल तर चेनकडे बघा. क्लेट्रॅकचं वळणं वेगळ्या धाटणीचं आहे. त्यात दोन्ही चेनना कायम ताकद मिळते, एका बाजूचा पट्टा ओढला की ती बाजू मंदावते आणि दुसरी वेग घेते. त्यामुळे वळताना इंजिनाचा आवाज जड होणं स्वाभाविक आहे. हे पट्टे उघडावे लागले तर जुन्या अस्तरात ॲस्बेस्टस असू शकतं हे गृहीत धरा. हवेनं फुंकू नका, ओलं करून पुसा, मास्क लावा.

कोणता सिलेंडर मेला आहे ते कसं शोधायचं?

मंद वेगावर एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड चिमट्यानं काढून तिचं टोक ब्लॉकला टेकवा. चालणाऱ्या सिलेंडरची वायर काढली की आवाज पडतो, मेलेल्याची काढली तर काही फरक पडत नाही. त्याचा प्लग दुसरीकडे घालून पाहा. मिस प्लगबरोबर गेला तर प्लग, तिथेच राहिला तर वायर किंवा कॉम्प्रेशन.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, इंजिन गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडून, चारही प्लग काढून मोजा. एकमेकांतला फरक जास्त महत्त्वाचा. एक सिलेंडर बाकीच्यांच्या निम्म्यावर असेल तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम खाली असतील तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट. चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजायची युक्ती या इंजिनात जपून वापरा: प्लग बहुधा व्हॉल्व्हच्या वर असतो आणि तेल पिस्टनपर्यंत न जाता व्हॉल्व्हवरच पडतं.

अडकलेला व्हॉल्व्ह हातोडीनं ठोकू नका. बाजूचं झाकण काढा, दांड्यावर गंज सोडवणारं तेल द्या, रात्रभर राहू द्या, इंजिन हातानं फिरवत पुन्हा द्या. सकाळी तो बहुतेक वेळा सुटलेला असतो.

कार्ब्युरेटरमधून फट् असा आवाज येतो. सायलेन्सरमधूनही कधी कधी फटाका फुटतो. दोन्ही एकच का?

नाही. कार्ब्युरेटरमधून येतो तो लीन मिश्रणाचा किंवा न मिटणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हचा. चोक किंचित ओढून बघा, आवाज थांबला तर पेट्रोल कमी पडतंय. सायलेन्सरमध्ये फुटतो तेव्हा एखाद्या सिलेंडरमधलं मिश्रण न जळताच बाहेर जाऊन तिथे पेटतं, म्हणजे ठिणगी गळते आहे. दोन्हीकडून एकदम येत असतील तर दोन प्लगच्या वायरी आपसांत बदललेल्या आहेत का ते आधी बघा.

सहाचं बारा व्होल्ट केल्यापासून मिस सुरू झाला. संबंध आहे का?

थेट संबंध आहे. ६ व्होल्टच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण एक ते दीड ओहम असतो. तिला १२ व्होल्ट दिले तर पॉइंटमधून दुप्पट करंट जातो, पॉइंट जळतात आणि कॉइल तापते. एक तर बाहेरून रेझिस्टर जोडा, नाहीतर तीन ओहमची १२ व्होल्टची कॉइल घाला. दोन्ही एकत्र नकोत, मग ठिणगी दुबळी पडते. अर्थ पॉझिटिव्हचा निगेटिव्ह केला असेल तर कॉइलच्या वायरीही उलटवा. उलट्या जोडलेल्या कॉइलची ठिणगी क्षीण असते आणि तो दोष लोडखालीच जाणवतो.

मॅग्नेटो असेल तर?

मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगीचा करंट तयार करणारं यंत्र. पॉइंट आणि कंडेन्सरचं वर लिहिलेलं सगळं त्यालाही लागू. हळू हँडल मारताना ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. तो इम्पल्स कपलिंगचा, जो सुरू होताना ठिणगी जोरात आणि उशिरा पाडतो. तो आला नाही तर आतलं तेल गोंदासारखं घट्ट झालं आहे. बंद करायच्या बटणाची वायर कुठे घासून चेसिसला टेकत असेल तरी मिस येतो. ती वायर मॅग्नेटोवरून तात्पुरती सोडून बघा.

जॉन डिअरचा दोन सिलेंडरचा क्रॉलर आहे. ठोके असमान पडतात. बिघाड आहे का?

बहुधा नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमाच्या लिंडेमन बंधूंनी सफरचंदांच्या बागांसाठी जॉन डिअरच्या ट्रॅक्टरांना चेन बसवल्या, पुढे कंपनीने त्यांचा कारखानाच घेतला, आणि तिथून एमसी, ४०सी, ४२०सी अशी ओळ निघाली. या दोन सिलेंडरच्या इंजिनांत क्रँकचे दोन हात एकमेकांच्या विरुद्ध असतात. त्यामुळे दोन ठोके लागोपाठ पडतात आणि मग मोठा खंड. हा त्याचा जन्मजात आवाज आहे. जोडी कायम सारखी पडत असेल तर इंजिन ठीक आहे. जोडीतला एक ठोका गळू लागला तरच प्लगपासून तपास सुरू करा.

कोणतं पेट्रोल घालावं? शिसं नसलेलं चालतं का?

या इंजिनांचं कॉम्प्रेशन कमी आहे, त्यामुळे साधं ८७ ऑक्टेनचं पुरतं. महागडं घालून मिस जात नाही. इथेनॉल नसलेलं मिळत असेल तर तेच घ्या, विशेषतः ट्रॅक्टर महिनोन् महिने उभा राहणार असेल तर, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी वाटीच्या तळाशी बसतं. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या सीट झिजू देत नसे, पण त्याची काळजी हलक्या कामासाठी करू नका. कधी व्हॉल्व्हचं काम निघालंच तर तेव्हा कठीण सीट बसवून घ्या.

भारतात अशी यंत्रं आहेत का?

पेट्रोलवर चालणारे छोटे क्रॉलर भारतात क्वचितच. पण स्वातंत्र्यानंतर केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेनं मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातल्या कांस गवतानं ग्रासलेल्या जमिनी मोडायला अमेरिकन सैन्याचे उरलेले क्रॉलर वापरले, आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेनं भारताला याच कामाच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. त्या पिढीतल्या कॅटरपिलरांचं मुख्य इंजिन डिझेलचं, पण ते फिरवायला शेजारी दोन सिलेंडरचं छोटं पेट्रोल इंजिन असतं, ज्याला पोनी म्हणतात. कुणाच्या शेतात किंवा जुन्या बाजारात असा क्रॉलर दिसला आणि पोनी मिस मारत असेल, तर वरचाच क्रम लावा.

पोनीचं स्वतःचं एक दुखणं आहे. ते दिवसातून काही मिनिटंच चालतं, आणि मग कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल सुकून डिंक होतो. शिवाय फ्लोटची सुई नीट बसली नाही तर पेट्रोल झिरपून पोनीच्या तेलात उतरतं. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली किंवा तेलाला पेट्रोलचा वास आला, तर सुरू न करता आधी तेल बदला. बंद करताना बटण दाबू नका, टाकीचा कॉक बंद करा आणि वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपणहून थांबू द्या.